शब्द नवा, झीज जुनी

चेन्नईतल्या एग्मोरला तमिळ माणूस एळुंबूर म्हणतो. बाहेरगावच्या माणसाला हा भाग ठाऊक असतो तो तिथल्या तांबड्या-पांढऱ्या रेल्वे स्थानकामुळे. १९०८ साली सुरू झालेल्या या स्थानकातून मदुराई, तिरुनेलवेलीकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात आणि दिवसभर सामानाच्या ओझ्याखाली वाकलेली माणसे इकडून तिकडे धावत असतात. पण तिथून थोडे चालून पँथियन रोडवर आले की गर्दीचा रंगच बदलतो. इथे १८५१ साली स्थापन झालेले सरकारी संग्रहालय आहे आणि त्याला लागूनच कन्नेमारा सार्वजनिक ग्रंथालय. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड कन्नेमारा यांचे नाव मिळालेले हे ग्रंथालय १८९६ साली उघडले. देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवावी असे १९५४ चा कायदा सांगतो, त्यांपैकी हे एक. म्हणजे पुण्यात किंवा कोल्हापुरात छापलेले मराठी पुस्तकही कायद्याने इथे यायला हवे.

दुपारी इथे बसलेली बहुतेक मुले-मुली मात्र ग्रंथालयाची पुस्तके वाचायला आलेली नसतात. त्यांची स्वतःची जाड पुस्तके सोबत असतात. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची असते, कुणाला रेल्वेची, कुणाला राज्य सेवेची. घरी जागा नाही, जागा असली तर शांतता नाही, म्हणून ती इथे येतात. डबा पायाशी, पाण्याची बाटली टेबलावर आणि समोर इंग्रजी शब्दांच्या याद्या.

गेल्या वर्षी अशा मुलांमध्ये एक मराठी मुलगी रोज येऊन बसत असे. वय बावीस, शिक्षण बी.कॉम. राहायला साहुकारपेठेत, चेन्नईच्या सराफ बाजाराच्या पोटात. वडील गलाईचा व्यवसाय करतात. खाली भट्टी, वर दीड खोलीचा संसार. जिन्यातून वर येणारा वास असा की पाहुणे दोन मिनिटांत खोकायला लागावेत. घरच्यांना तो वास येतच नाही, सवयच झालेली!

गलाईवाले म्हणजे कोण, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कडेगाव हे तालुके आणि सातारा जिल्ह्यातले माण, खटाव यांच्या नशिबी पिढ्यान् पिढ्या दुष्काळ होता. पावसावर पोट भरेना म्हणून इथली माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम शिकली आणि देशभर पांगली. आज असा मोठा सराफ बाजार क्वचितच सापडेल जिथे विट्याच्या परिसरातला एखादा माणूस मुशीपुढे बसलेला नाही. या मुलीचे वडीलही वयाच्या पंधराव्या वर्षी चुलत्याचा हात धरून मद्रासला आले. तेव्हा शहराचे नावही मद्रासच होते. ते तमिळ असे बोलतात की दुकानदाराला संशय येऊ नये. लिहिता-वाचता मात्र मराठीच येते, तेही सातवीपर्यंतचे.

त्या घरात एक रीत होती. रात्री ताटे मांडली की वडील विचारायचे, “आज कंचा शब्द?” मग मुलीने त्या दिवशी पाठ केलेल्यांपैकी एक शब्द सांगायचा, त्याचा अर्थ मराठीत समजावायचा. वडिलांना इंग्रजी यावे असा काही हेतू नव्हता. क्लासच्या फीचे पैसे कुठे जातात, ते रोज थोडेसे डोळ्यांनी पाहण्याची ती त्यांची पद्धत होती. कधी शब्द अवघड निघाला तर ते म्हणायचे, “ह्यो राहू दे, दुसरा सांग.” आई भाकरी थापता थापता हसायची.

इजा, नुकसान आणि तिसरेच काही

क्लासच्या सरांचा नियम होता, रोज वीस शब्द आणि प्रत्येक शब्दाचे स्वतः बनवलेले एक वाक्य. पाठांतर करणाऱ्यांची दांडी इथेच उडते. अर्थ कुणालाही पाठ होतो, वापर होत नाही. तर एके दिवशी यादीत सतराव्या क्रमांकावर शब्द आला ‘डेट्रिमेंट’. पुढे अर्थ दिला होता ‘हार्म’.

मुलीला यात काही अवघड वाटले नाही. ‘हार्म’ माहीत होता, ‘डॅमेज’ माहीत होता, ‘इंज्युरी’ आणि ‘हर्ट’ही माहीत होते. सगळ्यांचा अर्थ एकच, नुकसान. तिने झटकन वाक्य लिहिले. घरात रोज दिसते तेच लिहिले, “ॲसिड इज अ डेट्रिमेंट टू द हँड.” हाताला ॲसिड अपायकारक.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्या वाक्याभोवती लाल गोल काढून वही परत दिली. वर्गात ते म्हणाले, व्याकरण चुकलेले नाही, पण असे कुणी बोलत नाही. हातावर ॲसिड सांडले तर ती इंज्युरी. टेबलावर सांडले तर डॅमेज. माणसाला डॅमेज होत नाही, वस्तूला होते, आणि टेबलाला इंज्युरी होत नाही. मनाला लागले तर हर्ट. मग डेट्रिमेंट कुठे वापरायचा? सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले, “ही वर्क्ड डे अँड नाइट टू द डेट्रिमेंट ऑफ हिज हेल्थ.” आणि हाताने तराजू करून दाखवला. एक पारडे वर जाते तेव्हा दुसरे खाली येते. माणूस रात्रंदिवस राबला, पैसा मिळाला, मान मिळाला आणि त्याच वेळी तब्येत खालावत गेली. हा शब्द एकटा येत नाही, तो नेहमी कुठल्या तरी फायद्याच्या पाठीमागून येतो. शिवाय तो एका घावात होत नाही. हळूहळू होतो.

मराठीतही अशी वाटणी आहेच, आपण ती कधी मोजत नाही इतकेच. अंगाला इजा होते, पोलिसांच्या कागदात दुखापत होते, व्यापारात खोट येते, पिकाचे नुकसान होते, औषधाने अपाय होतो. मराठी बोलणारे लहान मूलसुद्धा ‘पिकाला इजा झाली’ असे म्हणणार नाही. परक्या भाषेत मात्र या सगळ्यांची एकच गोधडी होते आणि माणूस कुठलाही तुकडा कुठेही लावतो.

मुलीने त्या दुपारी कन्नेमारात मोठा इंग्रजी शब्दकोश काढला. शब्द लॅटिनमधून आलेला. मुळाशी ‘घासणे’ ही क्रिया. ‘डेट्रिमेंट’ म्हणजे मुळात घासून घासून जे निघून गेले ते. त्याच घराण्यात ‘ट्राइट’, म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेले बोलणे. ‘ॲट्रिशन’ही त्याच घराण्यातला, आजकाल कंपन्यांमध्ये माणसे सोडून जाण्याचे प्रमाण सांगताना वापरतात तो. वाचता वाचता तिला मराठी शब्द सापडला तो नुकसान नव्हता, अपाय नव्हता. तो होता झीज.

शब्द एकदा ओळखीचा झाला की सगळीकडे दिसू लागतो, असा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. परीक्षेसाठी संविधानाची कलमे वाचताना तो तिला कलम ३९ मध्ये भेटला. राज्याने धोरण आखताना संपत्ती आणि उत्पादनाची साधने मोजक्या हातांत एकवटून सर्वसामान्यांचे अहित होणार नाही, हे पाहावे, असे तिथे सांगितले आहे. त्या ‘सर्वसामान्यांच्या अहिता’साठी इंग्रजी मसुद्यात ‘कॉमन डेट्रिमेंट’ हेच शब्द आहेत. तिथेही तोच तराजू. एका बाजूला साठत जाते म्हणून दुसऱ्या बाजूला झिजत जाते. प्राचीन रोममध्ये संकटकाळी तिथली सिनेट सर्वोच्च अधिकाऱ्यांना आज्ञा करी की राज्याला झीज पोहोचणार नाही ते पाहा. ख्रिस्तपूर्व १२१ मध्ये अशी आज्ञा पहिल्यांदा निघाली, त्यातही हाच शब्द होता. त्याच रोमची नाणी व्यापाराबरोबर दक्षिण भारतात आली, जमिनीत पुरली गेली आणि त्यांपैकी कितीतरी आज ग्रंथालयाच्या शेजारच्या संग्रहालयात आहेत. किती हातांतून फिरले, ते नाणे आपल्या चेहऱ्यावर दाखवते. सम्राटाचे नाक आधी जाते.

एवढे सगळे एका शब्दापायी वाचून झाल्यावर वीसपैकी उरलेले तीन शब्द त्या दिवशी राहूनच गेले. परीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर हे चूकच!

गलाईवाल्याची घट

रात्री वडिलांनी नेहमीप्रमाणे विचारले. मुलीने शब्द सांगितला. समजावताना ती जरा अडखळली, कारण आता तिला ‘नुकसान’ म्हणून मोकळे होता येईना. ती म्हणाली, “अण्णा, घासून घासून जे हळूहळू कमी हुतं ना, दिसत न्हाई पण कमी हुतं, ते.”

वडिलांनी घास खाली ठेवला. “म्हंजे घट.”

इंग्रजीचा इतका अवघड शब्द त्या घरात इतक्या लवकर कुणाला कळला नव्हता.

घट म्हणजे काय ते समजायला गलाईचे काम थोडे समजून घ्यायला हवे. सराफाकडे जुने दागिने येतात. त्यात सोन्याबरोबर तांबे असते, चांदी असते, डाग देताना वापरलेला हिणकस धातू असतो. शुद्ध सोने काढायचे तर आधी त्यात आणखी चांदी घालून सगळे मुशीत वितळवतात. ऐकायला उलटे वाटते, पण मिश्रणात सोने साधारण पाव भाग इतके खाली आणले तरच पुढचे काम नीट होते. तो रस पाण्यात ओतला की त्याचे दाणे होतात. हे दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये टाकून तापवतात. चांदी आणि तांबे ॲसिडमध्ये विरघळतात, सोने विरघळत नाही. तळाशी तपकिरी गाळ राहतो. तो गाळ पाहून कुणी म्हणणार नाही की हे सोने आहे. तो धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवला की पिवळा धमक तुकडा हाती येतो. विरघळलेली चांदीही सोडत नाहीत, त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या बुडवून ती परत काढतात.

या सगळ्या प्रवासात थोडा धातू हरवतो. काही मुशीला चिकटतो, काही धुरात जातो, काही फरशीवर सांडतो. म्हणून तर सराफी दुकानातली धूळसुद्धा विकली जाते आणि झारेकरी ती धुऊन तिच्यातून सोन्याचे कण वेचतात. जे हरवले ती घट. काम घेताना वजन, काम देताना वजन, मधला फरक वहीत. चेन्नईच्या दागिन्यांच्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या बिलावरही अशीच एक ओळ असते, तिला तमिळमध्ये ‘सेदारम्’ म्हणतात. घडणावळ किती आणि सेदारम् किती, यावर लग्नघरची माणसे तासन् तास घासाघीस करतात.

वडील सांगत राहिले. घट ठरावीक मापातच यावी लागते. त्याहून जास्त आली तर सराफ विचारतो, कुठे गेले? गलाईवाल्याची सारी अब्रू त्या एका आकड्यात. तीस वर्षांत त्यांच्या वहीतला घटीचा आकडा कुणी चुकीचा म्हणून दाखवलेला नव्हता. हे सांगताना त्यांना खोकला आला. बराच वेळ थांबेना. मुलीने पाणी दिले.

वहीत त्या रात्री मुलीने वाक्य लिहिले. सरांना दाखवायचे वाक्य. मराठीत सांगायचे तर ते असे होते, ‘माझे शिक्षण माझ्या वडिलांच्या फुप्फुसांची झीज करून झाले.’ इंग्रजीत ‘टू द डेट्रिमेंट ऑफ’ अगदी बरोबर जागी बसले होते. लाल गोल येणार नव्हता. सकाळी तिने ते पान फाडले आणि सरांना दुसरेच काही तरी लिहून दाखवले. जास्त साखर खाणे दातांना अपायकारक, अशा धाटणीचे.

चंदनाचे कौतुक

आईला मात्र हे प्रकरण आवडले नाही. मुलीने दोन दिवसांनी विषय काढला, अण्णांना दवाखान्यात नेऊया म्हणाली, तेव्हा आई उखडली. “झिजायचं न्हाई तर मानसानं करायचं काय? तुझ्या आज्यानं झिजवलं, आमी झिजवलं. चंदनावानी झिजलं म्हून तर तुमी हितवर आला. आता त्याला इंग्रजीत नाव ठिवू नगंस.”

आईचे बोलणे तिच्या एकटीचे नव्हते. मराठी मनात झिजण्याला मोठा मान आहे. चंदनाचे खोड सहाणेवर झिजते म्हणून त्याचा सुगंध, ही उपमा आपण सत्कार समारंभात ऐकतो, श्रद्धांजलीत ऐकतो आणि आईवर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक निबंधात वाचतो. गंजण्यापेक्षा झिजलेले बरे, असे शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलेले असते. महिलांसाठी निघणाऱ्या अंकांनीही, खरे बोलायचे तर, या चंदनाच्या खोडाचा व्यापार काही कमी केलेला नाही. संसारासाठी झिजलेली बाई म्हटले की तिचा फोटो छापायचा, हार घालायचा. तिची पाठ कधीपासून दुखते हे विचारायचे नाही.

इंग्रजीला मराठीपेक्षा शहाणी भाषा ठरवण्याचे काही कारण नाही. त्या भाषेतही राबून मरण्याचे गोडवे गाणारी पुस्तके भरपूर सापडतील. पण त्या एका शब्दापुरते पाहिले तर फरक मोठा आहे. घासून जे निघून जाते त्याला मराठीने सुगंध म्हटले आणि त्या शब्दाने अपाय म्हटले. झिजणारा तोच, झिजण्याची रीतही तीच. खोडाला विचारले तर ते काय म्हणेल, ते कुणाला माहीत?

गंमत अशी की ज्या घरात सोन्याची घट मिलिग्रॅमपर्यंत लिहिली जात होती, त्या घरात माणसाची घट लिहायला वही नव्हती. लिहिली असती तर काय दिसले असते? वडिलांचे पुढचे दात कडेला पातळ, पारदर्शक झाले होते. तंबाखूमुळे असेल, असे सगळे म्हणत. पण ॲसिडच्या वाफेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे पुढचेच दात आधी झिजतात, कारण बोलताना, श्वास घेताना वाफ आधी त्यांनाच लागते. ॲसिडमध्ये चांदी विरघळताना जो तांबूस धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड वायू. तो श्वासनलिकेला आतून सुजवतो. एकाच वेळी खूप गेला तर लगेच काही जाणवत नाही, माणूस काम संपवून घरी जातो, जेवतो आणि मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही फुप्फुसात पाणी साठून त्याचा जीव धोक्यात येतो. थोडा थोडा रोज गेला तर खोकला, दम आणि छातीत घरघर.

हे ज्ञान काही नवे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, या धुराने होणारी विषबाधा नोंदलेली होती. पण तो कायदा लागू व्हायला यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेत साधारणपणे किमान दहा कामगार लागत. जिन्याखाली दोन पुतणे आणि एक मूस घेऊन बसलेला गलाईवाला कुठल्या यादीत बसणार? तो स्वतःच मालक, स्वतःच मजूर. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध?

काट्यावरचा हिशेब

शेवटी वडील तयार झाले ते आरोग्यासाठी नव्हे. एका संध्याकाळी भट्टीपुढे त्यांना खोकल्याची उबळ आली आणि हातातल्या मुशीतला थोडा रस फरशीवर सांडला. सगळा वेचून घेतला तरी त्या दिवशी घट मापाबाहेर गेली. सराफ जुना ओळखीचा, तो काही बोलला नाही. न बोलल्याचेच वडिलांना जास्त लागले. दुसऱ्या दिवशी ते मुलीला म्हणाले, “चल, कुठं जायाचं म्हनत हुतीस?”

सरकारी रुग्णालयात रांग मोठी होती. मुलगी सोबत असल्याने बरे झाले. वडील तमिळ उत्तम बोलत, पण डॉक्टरीणबाईंनी विचारलेल्या प्रश्नांना ते एकाच शब्दात उत्तर देत होते, “काही नाही.” खोकला? काही नाही. दम लागतो? काही नाही. मग मुलीने सांगायला सुरुवात केली. किती वर्षे, कोणते ॲसिड, खिडकी किती मोठी, रात्री किती वेळा उठतात. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून ऐकून घेतले. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय नव्हता. मग एका यंत्रात जोराने फुंकायला सांगितले. वडिलांनी तीनदा फुंकले. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाने जेवढी हवा बाहेर सोडायला हवी, तेवढी ते सोडू शकत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी साधे तेच सांगितले. धूर बंद. नाकाला फडके बांधून उपयोग नाही, वायू फडक्यातून जातो. काम सोडता येत नसेल तर ॲसिडचे भांडे घराच्या बाहेर न्या, वर धुराडे बांधा, पंख्याने धूर ओढून घ्या आणि तो सोडण्याआधी सोड्याच्या पाण्यातून जाऊ द्या. औषध लिहून दिले. कागदावर बरेच इंग्रजी होते, पण डेट्रिमेंट हा शब्द त्यात कुठे नव्हता.

निघण्याआधी परिचारिकेने वजन करायला सांगितले. काट्यावर वडील अगदी ताठ उभे राहिले, जणू कुणी कस लावणार आहे. सत्तावन्न किलो. हातातल्या जुन्या कागदांमध्ये चार वर्षांपूर्वीच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेचा कागद होता, त्यावर चौसष्ट लिहिलेले होते. मुलीने दोन्ही आकडे वाचून दाखवले.

“म्हंजे सात किलो घट,” वडील म्हणाले. मग थोड्या वेळाने, जिना उतरताना, “टक्के किती?”

मुलगी बी.कॉम. होती. तिने मनातच हिशेब केला. “जवळजवळ अकरा.”

वडील जिन्यावरच थांबले. “अकरा टक्के घट?” ते म्हणाले. “कंचा शेठ ऐकून घील?”

त्या दिवशी बापलेक रिक्षाने घरी गेले नाहीत. एग्मोरला बस बदलायची होती, तिथे उतरून त्यांनी चहा घेतला. वडिलांनी आजवर कन्नेमारा आतून पाहिलेले नव्हते. मुलगी रोज कुठे बसते ते पाहायचे म्हणाले. आवारात शिरून ते ग्रंथालयाच्या दारापर्यंत गेले, आत मुले माना खाली घालून बसलेली दिसली. वडिलांनी चपला काढल्या. पहारेकऱ्याने हसून सांगितले, काढायची गरज नाही. तरी त्यांनी त्या पुन्हा घातल्या नाहीत. पाच मिनिटे उभे राहून ते परत फिरले.

धुराड्याला आणि पंख्याला खर्च आला. घरमालकाने गच्चीवर परवानगी देताना भाडे वाढवले. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता आणि घरात वेगळे काढून ठेवलेले पैसे एकच होते, मुलीच्या क्लासच्या दुसऱ्या टप्प्याच्या फीचे. वडील नको म्हणत होते. मुलीने ऐकले नाही. बापाची झीज थांबवायला मुलीच्या अभ्यासाला कात्री लागली, म्हणजे तराजू पुन्हा तोच, फक्त पारडी बदलली. सरांनी हे ऐकल्यावर जुन्या विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या तिला मिळवून दिल्या. तेवढ्यावर तिने उरलेला अभ्यास केला. बँकेची पूर्वपरीक्षा ती उत्तीर्ण झाली, मुख्य परीक्षेत थोड्या गुणांनी राहिली. यंदा पुन्हा बसणार आहे.

गावाकडे टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून भावकीतल्या लोकांनी डाळिंब लावले आहे. वडिलांचा भाऊ फोनवर सांगतो, परत या, आता इथे पोट भरते. वडील हो म्हणतात, पण कधी ते सांगत नाहीत. ॲसिडचे काम आता गच्चीवर होते. खोकला कमी आहे, गेलेला नाही. गेलेली ताकद परत येत नाही, आहे ती टिकवायची, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते दर दोन महिन्यांनी रुग्णालयात जातात आणि प्रत्येक वेळी काट्यावरचा आकडा घटीच्या वहीत, सोन्याच्या हिशेबाच्या मागच्या पानावर, तारीख घालून लिहितात. सत्तावन्न, सत्तावन्न, साडेअठ्ठावन्न.

रात्री ताटे मांडल्यावर शब्द विचारण्याची रीत अजून चालू आहे. मागच्या महिन्यात मुलीने घरीच एक साधा वजनकाटा आणला. दोघे पुतणे हौसेने चढून उतरले. मग मुलीने आईला हाक मारली. “भाकरी करपंल,” असे म्हणून आई चुलीपासून हलली नाही. काटा तिथेच भिंतीला लावून ठेवला आहे. आई त्याच्याभोवतीने रोज केर काढते.